वडील स्थापत्य अभियंता होते, त्यांच्यावर लिहायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ३४ वर्षं स्थापत्य अभियंता होते. आधी रस्ते, मग पूल, शेवटची काही वर्षं एक धरण. सात महिन्यांपूर्वी ते गेले. पहिल्या स्मृतिदिनाला घरच्यांसाठी आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढायची आहे. तुम्ही चार पानं लिहिलीत आणि वाचून पाहिल्यावर तुम्हालाच वाटलं की ‘कर्तव्यदक्ष’, ‘मितभाषी’, ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द कुणाच्याही वडिलांना लावता येतील. त्यांचं काम आपल्याला कधी नीट कळलं नाही. आपल्या लहानपणातला निम्मा काळ ते घरी नव्हते, धाकटा भाऊ जन्मला त्या रात्रीसुद्धा ते पुलाच्या कामावर होते. मग ‘कुटुंबवत्सल’ हे खरं ठरेल का, असं तुम्ही विचारता.

जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. बाबा फिरायला आले की रस्त्याकडेच्या भिंतींतल्या भोकांत काडी घालून बघायचे आणि तुम्हा मुलांना लाज वाटायची, ही एक. दुसरी म्हणजे त्यांच्या एका लेव्हल बुकच्या, म्हणजे साइटवरच्या उंचीची मोजमापं लिहायच्या वहीच्या, शेवटच्या पानावर तुम्हा दोघा भावंडांची आद्याक्षरं आहेत आणि तुमच्या अक्षरापुढे ०.९८५, १.०४०, १.१०५ असे आकडे, तारखांसह. ते कशाचे, हे आईलाही सांगता आलं नाही.

मी ३६ वर्षं याच व्यवसायात काढली, त्यातली बरीचशी पुलांच्या साइटवर. निवृत्त झाल्यापासून गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरच्यांना असे लेख लिहायला मदत करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा लेख या दोन गोष्टींत आहे. बाकीची चार पानं तूर्त बाजूला ठेवा.

तुमची अडचण शब्दांची आहे असं मला वाटत नाही. तुम्ही वडिलांची दोन आयुष्यं मानली आहेत. साइटवरचं, जे तुम्हाला कळत नाही, आणि घरातलं, जे तुमच्या वाट्याला कमी आलं. मग प्रत्येकासाठी वेगळी विशेषणं शोधता आहात. पण ज्या माणसाने आयुष्यभर भिंती, पाया आणि पाणी यांचा विचार केला, त्याला घरी येताना तो विचार साइटच्या गेटवर ठेवून येता येत नाही. ती नजर घरातही चालूच राहते. घरच्यांना फक्त तिचं नाव माहीत नसतं.

आधी त्या भोकांचं सांगतो. मातीचा भराव अडवून धरणाऱ्या भिंतीला ठरावीक अंतरावर भोकं ठेवतात. आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. भरावात मुरलेलं पाणी त्यांतून बाहेर पडतं. ती बुजली की पाणी भिंतीमागे साचत जातं आणि मातीच्या जोडीला पाण्याचाही दाब भिंतीवर येतो. किती, ते बघा. ३ मीटर उंचीची भिंत धरली आणि मागे साधारण कोरडा भराव असला, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर पावणेतीन टनांच्या आसपास जोर येतो. तोच भराव वरपर्यंत पाण्याने भरला तर हा जोर सहा टनांच्या घरात जातो. भिंत तीच, माती तीच, आणि जोर दुपटीहून जास्त. जोराच्या पावसात अशा भिंती पडतात तेव्हा पुष्कळदा पाण्याला वाट न मिळणं हेच कारण निघतं.

काडी किती आत जाते यावरून भोक मोकळं आहे की गाळाने भरलं आहे, हे कळतं. तुमचे वडील तेच बघत होते. ती भिंत त्यांनी बांधलेली नव्हती, तिच्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारणार नव्हतं. खालून माणसं जात होती आणि त्या दिवशी त्यांत त्यांची मुलंही होती, एवढं त्यांना पुरेसं होतं. हा प्रसंग जसा घडला तसा लिहा. तुम्हाला लाज वाटायची हेही लिहा, ते गाळलं तर प्रसंग खोटा वाटेल. मग भोकं कशासाठी असतात हे तीन-चार वाक्यांत सांगा. ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द त्यानंतर लागणारच नाही.

आता हीच नजर घरात कुठे दिसली ते आठवा. पावसाळ्याआधी गच्चीच्या पाइपाची जाळी कोण साफ करायचं? नव्या घरात शिरल्यावर ते आधी कुठे बघायचे, छताच्या कोपऱ्यांत की नळाखाली? माझ्या ओळखीच्या एका अभियंत्याची मुलगी सांगायची, कपाट हलवलं की वडील त्याच्या चारही पायांखाली कागदाची घडी सरकवून बघत, कुठला पाय टेकलेला नाही ते. तिने तेवढ्यावर एक पान लिहिलं. ते पान वाचताना आम्ही सगळे सहकारी गप्प झालो होतो, कारण आम्ही त्याला पुलाच्या बेअरिंगखाली, म्हणजे खांबावर पूल जिथे टेकतो त्या आधाराखाली, अगदी तसंच वाकून बघताना पाहिलं होतं.

आता ते आकडे. लेव्हलिंग करताना, म्हणजे जागांच्या उंचीतला फरक मोजताना, आम्ही स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी, उभी धरतो आणि दुर्बिणीतून वाचन घेतो. वाचन मीटरमध्ये, दशांश चिन्हापुढे तीन आकडे, असं लिहितात. बऱ्याच स्टाफवर बारीक खुणा ५ मिलिमीटरच्या असतात. तुमचे तिन्ही आकडे ० किंवा ५ वर संपतात, म्हणजे ते स्टाफवरूनच घेतलेले असावेत. पण ही साइटची वाचनं दिसत नाहीत. लेव्हल बुकमध्ये एका दिवसाची वाचनं एकाखाली एक येतात, शेजारी बॅकसाइट (मागच्या बिंदूवरचं वाचन), फोरसाइट (पुढच्या बिंदूवरचं) असे रकाने असतात. कित्येक महिन्यांच्या अंतराच्या तारखा, माणसांची आद्याक्षरं आणि सतत वाढत जाणारे आकडे तिथे कुणी लिहीत नाही.

ताई, मला वाटतं ती तुमची उंची आहे.

साडेतीन-चार वर्षांचं मूल एक मीटरच्या आगेमागे असतं आणि त्या वयात वर्षाला साधारण ६-७ सेंटिमीटर वाढतं. ०.९८५ पासून १.१०५ पर्यंत १२ सेंटिमीटर होतात, म्हणजे सुमारे दोन वर्षं. तारखा तुमच्या जन्मतारखेशी ताडून बघा. आणखी एक करा. त्या तारखांना वडील कुठे होते, हे आईला विचारा, जुनी पत्रं असतील तर ती काढा. माझा अंदाज असा की त्या सारख्या अंतरावर नसतील. ते रजेवर घरी आले तेव्हाच्या असतील. तसं निघालं, तर त्या पानावर तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी आहेत. ते किती कमी वेळा घरी आले हे तारखांतल्या अंतरातून दिसेल, आणि आल्यावर त्यांनी काय केलं ते आकड्यांतून. ते पुस्तक घरात राहत नव्हतं. ते साइटवर जायचं, म्हणजे तुमच्या उंचीचा आकडाही त्यांच्याबरोबर जायचा.

मात्र हा माझा तर्क आहे. तारखा जुळल्या नाहीत तर सोडून द्या. आमच्या कामात एक रीत आहे. ज्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल घ्यायला सुरुवात केली, शेवटी तिथेच परत यायचं आणि किती फरक पडला ते बघायचं. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर दिवसभराचं काम पुन्हा करायचं, आकडे कितीही छान दिसत असले तरी. प्रत्येक आठवण अशी एखाद्या पक्क्या तारखेशी, कागदाशी किंवा दुसऱ्या माणसाच्या आठवणीशी जुळवून घ्या. पुस्तिका वाचणाऱ्यांत त्यांचे सहकारी असणार आहेत, चूक त्यांच्या लगेच लक्षात येईल.

भाऊ जन्मला त्या रात्रीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे आणि ते मनातून गेलेलं नाही हे दिसतं. त्या रात्री साइटवर नेमकं काय चालू होतं, ते शोधा. काँक्रीटिंग असेल तर एक गोष्ट समजून घ्या. सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट व्हायला लागतं. खालचा थर घट्ट झाल्यावर वरचा थर टाकला तर दोन्ही एकजीव होत नाहीत, मध्ये सांधा राहतो. त्याला कोल्ड जॉइंट म्हणतात. तिथून पाणी शिरतं, सळईला गंज चढतो, ताकद घटते. म्हणून पिअर कॅप (खांबाचा माथा) किंवा डेक स्लॅबचं (ज्यावरून रस्ता जातो त्या पाटाचं) काँक्रीट एकदा सुरू झालं की जिथे थांबायचं आधी ठरलं आहे तिथपर्यंत ते थांबवत नाहीत. बारा-पंधरा तास चालतं, कधी त्याहून जास्त. मिक्सर बंद पडला, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर जळला, पाऊस आला, तर निर्णय घ्यायला कुणीतरी जबाबदार माणूस तिथे उभा लागतो.

धरणाचं आणखी वेगळं. सिमेंट घट्ट होताना उष्णता सोडतं आणि धरणासारख्या जाड भागात ती आतच कोंडते. नंतर थंड होताना काँक्रीट आकसतं आणि तडे जातात. अमेरिकेतल्या हूव्हर धरणात हे टाळायला काँक्रीटमध्ये ९०० किलोमीटरहून जास्त लांबीचे पाइप घालून गार पाणी फिरवलं होतं. जिथे तशी सोय नसते तिथे बर्फ वापरतात, थर कमी उंचीचे ठेवतात, आणि गरम दिवसांत काँक्रीटिंग रात्री घेतात. तुमच्या वडिलांच्या धरणावरच्या वर्षांत किती रात्री अशा गेल्या असतील, याची कल्पना मी करू शकतो.

हे सगळं त्यांची बाजू मांडण्यासाठी लिहू नका. कारण कळलं म्हणून आईची ती रात्र सोपी झाली नाही. त्याच परिच्छेदात आईबरोबर कोण होतं, निरोप कुणी नेला, ते किती दिवसांनी आले, हे येऊ द्या. मेजरमेंट बुकमध्ये, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीत, चुकलेला आकडा खोडून काढायला किंवा त्यावर गिरवायला मनाई असते. त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, सही करायची. खालचा आकडा वाचता आलाच पाहिजे. तुमचे वडील ३४ वर्षं असंच लिहीत आले. त्यांच्यावरच्या लेखात न रुचणारं काही खरवडून काढलेलं त्यांना चाललं नसतं, असं मला वाटतं.

आणि आईंना ‘खंबीर साथ दिली’ या तीन शब्दांत बसवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची गोष्ट आमच्या व्यवसायात बहुतेकांना ठाऊक आहे. पुलाची कल्पना जॉन रोबलिंग यांची. काम सुरू होण्याआधीच १८६९ मध्ये पायाला अपघात होऊन धनुर्वाताने ते गेले. मुलगा वॉशिंग्टन मुख्य अभियंता झाला. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत पाया खोदताना १८७२ मध्ये त्याला असा आजार जडला की त्याचं साइटवर जाणं बंद झालं. त्यानंतर त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना साइटवर नेत होती. त्यासाठी ती गणित शिकली, केबल आणि पोलाद यांचं शास्त्र शिकली, अभियंत्यांशी आणि अधिकाऱ्यांशी तीच बोलत होती. १८८३ मध्ये पूल खुला झाला तोवर हे चाललं. तुमच्या आईंनी पूल बांधला नसेल. पण प्रत्येक बदलीला नवं घर लावणं, नव्या शाळेत दोन मुलांची नावं घालणं, आणि साइटवरून कुणी रात्री दार वाजवलं की काय झालं असेल ते चेहऱ्यावरून ओळखणं, हे त्यांनी केलं. त्यांना तारखा विचारू नका. प्रत्येक घरात पाणी कुठून यायचं, ते विचारा. त्यातून बाकीचं आपोआप बाहेर येतं.

आता एक सावधगिरी, माझ्या चुकीतून शिकलेली. पहिल्याच लेखात मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याबद्दल ‘हा पूल त्यांनी उभारला’ असं लिहिलं. त्यांनी त्या पुलाच्या पायाच्या कामावर तीन वर्षं देखरेख केली होती. संकल्पन, म्हणजे डिझाइन, दुसऱ्याचं होतं. ते दुसरे गृहस्थही हयात नव्हते, पण त्यांच्या पत्नीने लेख वाचला आणि मला फोन केला. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “ते रात्री जेवणाच्या टेबलावर त्याचीच गणितं करत होते.” मी दोन्ही घरी जाऊन क्षमा मागितली. तेव्हापासून मी नेमकं लिहितो. सर्वेक्षण केलं, संकल्पन केलं, देखरेख केली, गुणवत्ता तपासणी केली, ही चार वेगळी कामं आहेत. कुठल्या कामावर, कुठल्या पदावर, कुठल्या वर्षांत, एवढं कळलं तर लिहा. नाही कळलं तर ‘त्या कामावर होते’ पुरेसं आहे. मोठ्या पुलाच्या नावाचा मोहही धरू नका. एका मोठ्या पुलामागे शेकडो लहान मोऱ्या असतात आणि पावसात रस्ता चालू राहतो तो त्या मोऱ्यांच्या जोरावर.

माहिती कुणाकडून घ्यायची? वरिष्ठांकडे कमी जा. मुकादम, सर्व्हेअर, प्रयोगशाळेत काँक्रीटची ताकद बघायला त्याचे क्यूब (ठोकळे) फोडणारा मदतनीस, जीपचा चालक, यांना गाठा. आणि ‘साहेब कसे होते?’ असं विचारू नका, ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर मिळेल. ‘साहेबांनी काम थांबवलं, असं कधी आठवतं का?’ असं विचारा. एका सहकाऱ्याविषयी मुकादमाने मला सांगितलं होतं: पुलाची उंची ठरवताना पुराची सर्वात वरची पातळी लागते. कागदावर एक आकडा होता. साहेब तरीही नदीकाठच्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे गेले. तिने उंबऱ्याच्या वरची खूण दाखवली, ‘माझ्या लग्नाच्या वर्षी इथवर आलं होतं.’ साहेबांनी स्टाफ लावून खूण मोजली. ती कागदावरच्या आकड्यापेक्षा वर निघाली आणि पुलाची उंची त्या हिशोबाने वाढवली गेली. त्या साहेबांच्या घरच्यांना हे माहीत नव्हतं. मुकादम ते वीस वर्षं लक्षात ठेवून होता.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथे मी ठाम सांगू शकत नाही. वडिलांच्या कपाटात कार्यालयाची कागदपत्रं असतील तर ती छापू नका, धरणाची किंवा पुलाची ड्रॉइंग तर मुळीच नाही. लेव्हल बुक कार्यालयाचं असेल तरी मागचं ते एक पान घरचंच आहे, पण त्याच पानावर साइटचे आकडे असतील तर झाका. एखाद्या कामावरून वाद किंवा चौकशी झाली असेल, तर ती गाळायची की नाही हे आई आणि भाऊ यांच्याशी बसून ठरवा. लिहायचं ठरलं तर दुसऱ्या कुणाचं नाव न घेता, वडील त्या काळात घरी कसे होते, एवढंच लिहा. आई हयात आहेत. छापण्याआधी पुस्तिका त्यांना वाचून दाखवा आणि त्या नको म्हणतील ते काढा.

अभियंत्यांच्या मुलांपुढे हा प्रश्न फार जुना आहे. स्वतःला ‘सिव्हिल इंजिनिअर’ म्हणवून घेणाऱ्या पहिल्या माणसांत जॉन स्मीटन येतो. इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रातल्या खडकावरचं एडिस्टोन दीपगृह त्याने १७५९ मध्ये पूर्ण केलं. त्याच्या मुलीने वडिलांविषयी लिहिलेलं पत्र त्याच्या तांत्रिक अहवालांबरोबरच छापलं गेलं. मला ती जोडी योग्य वाटते. तुमच्या पुस्तिकेतही ‘कार्य’ आणि ‘कौटुंबिक जीवन’ असे दोन विभाग पाडू नका. भोकांच्या प्रसंगाने सुरुवात करा, मग बदल्यांची घरं आणि आई, मग ती रात्र, आणि मुकादमांकडून मिळेल ते. लेव्हल बुकच्या पानाचा फोटो शेवटी पूर्ण पानभर छापा. खाली फक्त तुम्हा दोघांची नावं आणि वर्षं घाला. ती उंची आहे हे मजकुरात आधी कुठेतरी एका वाक्यात सांगून ठेवा, म्हणजे फोटोखाली काही समजावून सांगायची गरज पडणार नाही.

तुम्ही तीनच आकडे दिलेत, तेही एकाच आद्याक्षरापुढचे. भावाच्या रकान्यातली पहिली तारीख कोणती आहे, ते आधी बघा. तान्ह्या मुलाला उभं करता येत नाही, त्यामुळे पहिलं माप स्टाफ आडवा ठेवून घेतलेलं असू शकेल. तसं असेल तर आकडा ०.५०० ते ०.६०० च्या दरम्यान असेल. त्या तारखेवरून त्या रात्रीनंतर ते किती दिवसांनी घरी पोचले, हे कळेल. पानावरचं अक्षर लागलं नाही तर फोटो टाका, मी वाचून सांगतो.